लांगदोक : बाटलीवर कोणाचं नाव?

मागच्या व्याख्यानात आपण बोर्दोच्या १८५५ सालच्या यादीबद्दल बोललो. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. विचारणारे बहुतेक जण लंडन, रॉटरडॅम, न्यू जर्सी अशा ठिकाणी राहणारे. तिथल्या दुकानात दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोक भागाच्या वाइनला एक अख्खं फडताळ असतं. दर परवडणारे असतात. पण नावं पन्नास, आणि त्यातलं ओळखीचं एकही नाही. तर सुरुवात कोणापासून करावी, कोणत्या उत्पादकांच्या बाटल्या आधी चाखून बघाव्यात, असा तो प्रश्न. भारतातल्या श्रोत्यांनी तो फारसा विचारला नाही, कारण आपल्या आयातशुल्काच्या भिंतीवरून या बाटल्या इकडे क्वचितच येतात.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, दुकान चालवलं नाही. त्यामुळे पाच नावांची चिठ्ठी लिहून मोकळं होणं मला जमणार नाही. नावं सांगेन, पण शेवटाकडे. कारण लांगदोकमध्ये उत्पादकाचं नाव बाटलीवर दिसणं हीच मुळात अलीकडची, फार तर पन्नासेक वर्षांची गोष्ट आहे. त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं इथली बहुतेक वाइन बिननावाची होती. ती बिननावाची का झाली आणि नाव परत कसं आलं, हा इतिहास कळला की दुकानात उभं राहून नेमकं काय वाचायचं तेही कळतं.

बोर्दोची गोष्ट आठवा. तिथे दलालांनी वर्षानुवर्षांचे दर बघून मालमत्तांची उतरंड लावली. म्हणजे तिथे मान मिळाला तो मालकीच्या घराला. बुर्गुंडीत मान मिळाला शेताला, अगदी बांधाबांधाचा हिशोब करून. लांगदोकला या दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही. आणि हा प्रदेश काही कालचा नाही. नार्बोन ही रोमनांची वसाहत इसवी सनापूर्वी ११८ मध्ये वसली, आणि रोमन काळापासून इथे द्राक्षं आहेत.

भूगोल दोन वाक्यांत सांगतो, पुढे लागेल. पूर्वेला निम, पश्चिमेला कार्कासोन, दक्षिणेला भूमध्य समुद्र आणि उत्तरेला डोंगर, असा हा अर्धगोल. समुद्राकाठी सपाट, गाळाची, भरघोस पिकणारी जमीन. आणि मागे चढत जाणारे डोंगरउतार, जिथे फोजेरला पाटीच्या दगडाचे थर, पिक साँ-लूला चुनखडीचे कडे, लिमूला उंचीमुळे थंडावा, नार्बोनजवळच्या ला क्लापला समुद्राचा वारा. ला क्लाप तर एके काळी बेटच होतं. एका दिवसाच्या गाडीप्रवासात माती आणि हवा इतक्या वेळा बदलते की 'लांगदोकची चव कशी असते' या प्रश्नाला उत्तरच नाही. सपाटी आणि उतार, एवढं मात्र लक्षात ठेवा. इथला सगळा इतिहास म्हणजे वेलीनं उतारावरून सपाटीवर येणं आणि मग पुन्हा वर चढू बघणं.

सतराव्या शतकात दोन मोठी कामं झाली. १६६६ मध्ये सेत बंदराची पायाभरणी झाली आणि १६८१ मध्ये रिके या माणसानं आखलेला दक्षिणेचा कालवा पुरा झाला. रिके स्वतः आदल्या वर्षी वारला. माल बाहेर जायची सोय झाली. पण खरा फरक पडला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, रेल्वेनं. उत्तरेच्या खाणींत आणि गिरण्यांत कामगार वाढत होते, त्यांना रोजची, हलकी, स्वस्त लाल वाइन हवी होती. पाणी भरवशाचं नव्हतं, वाइन हे अन्न होतं. लांगदोकनं ती मागणी उचलली. आरामों नावाची एक जात आहे, सपाटीवर लावली तर हेक्टरी दीडशे-दोनशे हेक्टोलिटर सहज देणारी. आज याच भागातल्या बहुतेक नामांकित पट्ट्यांत लाल वाइनची मर्यादा पन्नासच्या आसपास आहे, यावरून अंदाज करा. आरामोंची वाइन फिकी आणि पाणचट. मग तिला रंग यावा म्हणून लाल गराच्या द्राक्षांचा संकर केला गेला, अल्जीरियाची गडद वाइन मिसळली गेली. व्यापारी टाकीतून माल उचलायचा तो दोन आकडे विचारून: किती हेक्टोलिटर आणि किती अंश अल्कोहोल. गाव कोणतं, शेतकरी कोण, हे विचारायची त्याला गरजच नव्हती.

मग फिलॉक्सेरा आला. मुळांतला रस शोषणारी ही सूक्ष्म कीड अमेरिकेतून आलेली. १८६८ मध्ये माँपेलिएच्या प्लाँशोन या वनस्पतिशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिला मुळांवर पकडलं. उपाय सापडला तोही अमेरिकेतूनच. तिथल्या वेलींची मुळं ही कीड सोसतात, म्हणून खुंट अमेरिकन आणि वर कलम फ्रेंच. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागाइतदारांना 'डॉगरिज' खुंट ठाऊक आहे. तोही त्याच घराण्यातला, मूळ अमेरिकन. आपण तो वेगळ्या कारणासाठी लावतो, क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, पण नातं तेच. आता यातली मेख बघा. कलमी रोपांनी बाग पुन्हा उभी करायची तर भांडवल लागतं. शिवाय ही कीड वाळूत जगत नाही, आणि हिवाळ्यात शेतात पाणी कोंडून ठेवलं तरी मरते. म्हणजे उपाय स्वस्त पडायचे ते सपाटीवर, समुद्राकाठी. उतारावरच्या कितीतरी जुन्या बागा पुन्हा लावल्याच गेल्या नाहीत. वेल खाली उतरली आणि खालीच राहिली.

मधल्या टंचाईच्या वर्षांत आणखी एक गोष्ट झाली, आणि इथे माझ्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. द्राक्षं कमी, मागणी तेवढीच. मग लोकांनी आयात केलेल्या बेदाण्यांची वाइन केली. एकदा पिळलेल्या चोथ्यावर साखर आणि पाणी घालून पुन्हा आंबवलं. शेवटी फ्रेंच संसदेला १८८९ मध्ये कायद्यानं सांगावं लागलं की वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांच्या आंबवण्यातून झालेला पदार्थ. हजारो वर्षं जी गोष्ट लोक करत आणि पीत आले तिची व्याख्या करायची वेळ का येते? शब्दावरचा विश्वास उडतो तेव्हाच व्याख्या लागते.

साखरेचं नाव निघालं की महाराष्ट्रातले कान टवकारतात. ही साखर उसाची नव्हे, उत्तर फ्रान्समधल्या बीटची. तिथले बीट उत्पादक आणि कारखानदार राजकारणात वजनदार होते. १९०३ मध्ये साखरेवरचा कर कमी झाला आणि भेसळ आणखी स्वस्त झाली. नेमक्या त्याच काळात कलमी बागा पूर्ण भरात आल्या होत्या आणि अल्जीरियाची वाइनही बंदरांत येऊन पडत होती. दर कोसळले. टाक्या भरलेल्या, पुढची तोडणी डोक्यावर, आणि माल उचलायला कोणी नाही. जुनी वाइन गटारात ओतून नव्या पिकाला जागा करावी लागत होती.

११ मार्च १९०७. आर्जेलिए नावाच्या छोट्या गावातून ८७ द्राक्ष-उत्पादक नार्बोनला आलेल्या संसदीय समितीसमोर गाऱ्हाणं मांडायला निघाले. त्यांचा पुढारी मार्सेलँ आल्बेर. गावात एक कॅफे चालवायचा, थोडी द्राक्षबाग होती. बोलायला चांगला, नाटकाची आवड असलेला माणूस. समितीनं ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. मग दर रविवारी सभा सुरू झाल्या. ५ मे नार्बोन, १२ मे बेझिए, १९ मे पेर्पिन्याँ, २६ मे कार्कासोन, २ जून निम आणि ९ जूनला माँपेलिए. प्रत्येक सभा आधीच्या सभेहून मोठी. माँपेलिएला पाच लाखांच्या पुढे माणूस जमला असं धरतात. त्या वेळी अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम तेवढी होती. बागमालक आणि त्याचा मजूर, राजसत्तावादी आणि समाजवादी, सगळे एका फलकामागे. मागणी काय होती? अनुदान किंवा कर्जमाफी ही मुख्य मागणी नव्हती. खऱ्या वाइनला वाइन म्हणा आणि भेसळ थांबवा, ही होती. पाच लाख माणसं एका व्याख्येसाठी रस्त्यावर उतरल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

सरकार क्लेमाँसोचं. मुदत संपल्यावर नार्बोनचा महापौर, समाजवादी डॉक्टर एर्नेस्त फेरूल यानं राजीनामा दिला. पाठोपाठ चारशेहून अधिक नगरपालिका आणि ग्रामपालिकांनी काम थांबवलं. करभरणा बंद. १९ जूनला फेरूलला अटक झाली, आणि त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नार्बोनमध्ये सैन्यानं गोळ्या चालवल्या. सहा जण मेले. त्यांत सेसील बूरेल नावाची वीस वर्षांची मुलगी होती.

बेझिएची सतरावी पलटण स्थानिक पोरांची होती. गडबड नको म्हणून तिला आधीच आग्द गावी हलवलं होतं. नार्बोनची बातमी कळल्यावर पाचशेच्या आसपास शिपाई शस्त्रं घेऊन रातोरात बेझिएकडे चालत निघाले आणि सकाळी शहराच्या मुख्य रस्त्यावर बंदुकांचे दस्ते वर करून बसले. गोळी चालवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. लोकांनी त्यांना खाऊपिऊ घातलं. वाटाघाटी झाल्या, शिपाई बराकीत परतले, आणि पुढे त्यांची रवानगी ट्युनिशियातल्या गाफ्साला झाली.

आणि आल्बेर? तो लपतछपत पॅरिसला पोचला आणि २३ जूनला थेट क्लेमाँसोला जाऊन भेटला. क्लेमाँसोनं त्याला गावी परत जा, लोकांना शांत कर असं सांगितलं आणि रेल्वेच्या तिकिटासाठी शंभर फ्रँकची नोट दिली. भोळ्या आल्बेरनं ती घेतली. क्लेमाँसोनं ही गोष्ट वर्तमानपत्रवाल्यांना ऐकवली. झालं. कालचा तारणहार आज विकला गेलेला ठरला. गावी परतला तेव्हा त्याच्याच माणसांनी त्याच्यावर दात ओठ खाल्ले. १९२१ मध्ये तो गरिबीत वारला. राजकारणात एका नोटेनं इतकं मोठं काम क्वचितच केलं असेल.

पण २९ जून १९०७ चा कायदा झाला. पाणी घालणं आणि अतोनात साखर घालणं याविरुद्ध. प्रत्येक उत्पादकानं किती जमीन आणि किती पीक हे जाहीर करायचं, हे बंधन आलं. आज युरोपातल्या कुठल्याही बाटलीमागे कागदांची जी साखळी असते तिचं एक मोठं मूळ या मारामारीत आहे. फेरूलच्या नेतृत्वाखाली द्राक्ष-उत्पादकांचा महासंघ उभा राहिला, त्यानं स्वतःचे निरीक्षक नेमून भेसळ पकडली.

दुसरा मार्ग सहकाराचा. मारोसाँ गावात एली काताला यानं १९०१ मध्येच 'स्वतंत्र द्राक्ष-उत्पादक' नावाची संस्था काढली होती. व्यापाऱ्याला वगळून थेट पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक-संस्थांना वाइन विकायची. १९०५ मध्ये झाँ झोरेस मुद्दाम ती बघायला आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सहकारी वाइनरी गावोगावी झाल्या, काही तर देवळांसारख्या भव्य. लहान शेतकरी तगला तो यांच्यामुळे, हे आधी मान्य करू. पण पैसे मिळायचे वजन गुणिले साखरेचा अंश या हिशोबानं. आपल्या साखर कारखान्यात कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर दर ठरतो, आणि निगा राखणारा आणि न राखणारा दोघांना तोच दर पडतो, तसलंच काहीसं. उतारावरची साठ वर्षांची कारिन्यानची वेल थोडी पण उत्तम द्राक्षं देते. तिची द्राक्षं शेजाऱ्याच्या सपाटीवरच्या द्राक्षांसोबत एकाच टाकीत जायची. टाकीला गावाचं नाव होतं, माणसाचं नाही.

१९३५ मध्ये फ्रान्सनं 'आपेलासिओं'ची, म्हणजे कायद्यानं बांधलेल्या भौगोलिक नावांची पद्धत आणली. नाशिकच्या वाइनला मिळालेलं भौगोलिक मानांकन याचंच नातवंड म्हणा. लांगदोकमध्ये गोड मस्कत आणि लिमूची फसफसणारी वाइन सोडली तर ही नावं फार उशिरा आली. फितूला १९४८ मध्ये, फोजेर आणि साँ-शिनियाँला १९८२, कोर्बिएर आणि मिनेर्वुआला १९८५, तेरास द्यु लार्झाकला तर थेट २०१४. म्हणजे बुर्गुंडीच्या नावामागे शतकांची पुण्याई, आणि इथलं नाव माझ्या नोकरीच्या काळात जन्मलेलं. नाव नवं असलं की त्याच्या आत सगळंच असतं, उत्तम, मध्यम आणि टाकाऊ. म्हणून लांगदोकमध्ये नुसतं 'कोर्बिएर' वाचून फार काही कळत नाही. दिशा कळते, पत्ता कळत नाही.

मधला काळ वाईट गेला. फ्रेंच माणूस रोजची वाइन कमी पिऊ लागला, इटलीची स्वस्त वाइन येऊ लागली. ४ मार्च १९७६ ला नार्बोनजवळ मोंत्रेदोंला उत्पादक आणि पोलीस यांच्यात गोळीबार झाला. एक उत्पादक आणि एक पोलीस अधिकारी ठार झाले. त्यानंतर युरोपनं वेली उपटायला पैसे दिले. पुढच्या काही दशकांत इथलं द्राक्षाखालचं क्षेत्र जवळजवळ निम्म्यावर आलं.

याच पडत्या काळात माणसांची नावं दिसू लागली. एमे गिबेर हा मियो गावचा हातमोजे बनवणारा कारखानदार. त्यानं १९७० च्या सुमारास आनियानजवळ दोमास गासाक नावाची जागा घेतली. बोर्दोचा भूगोलतज्ज्ञ आँरी आँझालबेर तिथे आला आणि म्हणाला की ही माती असामान्य आहे. बोर्दोचाच विख्यात जाणकार एमील पेनो सल्ला द्यायला तयार झाला. पहिली वाइन १९७८ ची. मुख्य जात काबर्ने सोव्हिन्यों, जी इथल्या नियमांत बसत नव्हती. त्यामुळे कायद्याच्या शिडीवर तिची जागा सगळ्यात खालच्या पायरीवर, साधी 'टेबल वाइन'. आणि १९८२ मध्ये 'गो-मियो' या मार्गदर्शिकेनं तिची तुलना थेट बोर्दोच्या लाफीतशी केली! शिडीच्या तळाशी असलेली बाटली शिडीच्या टोकाच्या दरानं विकली जाऊ लागली. लांगदोकमध्ये उत्पादकाचं नाव कायद्याच्या नावाहून वजनदार ठरलं ते असं.

गिबेरबद्दल माझं मत थोडं मिश्र आहे. २००० साली कॅलिफोर्नियाच्या मोंदावी कंपनीनं आनियानच्या डोंगरावर बाग लावायचं ठरवलं. गावच्या महापौराचा पाठिंबा होता. विरोध झाला, त्यात गिबेर पुढे होता. २००१ च्या निवडणुकीत महापौर पडला, कम्युनिस्ट उमेदवार निवडून आला आणि मोंदावीनं गाशा गुंडाळला. 'मोंदोविनो' या २००४ च्या माहितीपटात गिबेर भूमीचा रक्षक म्हणून शोभून दिसतो. पण तोही बाहेरून आलेला पैसेवालाच होता आणि बोर्दोची जात लावून मोठा झाला होता, हे विसरू नये.

मला त्याहून जवळची वाटते ती झ्युलियाँ बापलेकांची गोष्ट. झोंकिएर गावचं हे शेतकरी कुटुंब, द्राक्षं सहकारी वाइनरीला घालणारं. मुलगा ऑलिव्हिए यानं १९८५ मध्ये, ऐन विशीत, स्वतःच्या नावानं वाइन करायला घेतली: मास झ्युलियाँ. वडिलांनी ते काही वर्षं बघितलं आणि १९९३ मध्ये त्यांनीही सहकारी संस्था सोडून स्वतःची वाइन सुरू केली. नाव ठेवलं काल दमूरा. ऑक्सितान या तिथल्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ 'राहायला हवं'. गाव सोडून सगळे निघाले होते तो हा काळ. पुढे त्या जागेची मालकी बदलली, नाव मात्र तेच राहिलं.

आता कोणी म्हणेल, माणसाचं नाव कशाला, द्राक्षाच्या जातीचं नाव वाचू. सोपं आहे. १९८७ पासून 'पेई दोक' या नावाखाली जातीच्या नावानं विकलेल्या वाइननं या प्रदेशाला जगभर बाजार दिला, हे खरं. पण २०१० च्या फेब्रुवारीत कार्कासोनच्या न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं ते कशासाठी? अमेरिकेला 'पिनो न्वार' म्हणून सुमारे १ कोटी ८० लाख बाटल्यांइतकी दुसरीच वाइन विकल्याबद्दल. संशय चवीवरून आला नाही. त्या भागात जेवढी पिनो न्वार पिकत होती त्याहून जास्त विकली जात होती, हे कागदांवरून लक्षात आलं. १९०७ च्या लोकांनी मागितलेलं पीक-जाहीरपत्रक १०३ वर्षांनी असं उपयोगी पडलं.

मग भरवसा कोणावर? न्यायदर्शनात शब्दाला प्रमाण मानलं आहे, पण कोणाच्याही शब्दाला नाही, आप्ताच्या शब्दाला. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणलेली आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर स्पष्ट म्हणतो की हे लक्षण ऋषीला लागू आहे तसंच म्लेच्छालाही. तेव्हा फ्रेंच शेतकऱ्याला लावायला हरकत नसावी! दोन कसोट्या: त्याला माहीत आहे का, आणि तो खरं सांगेल का. वेल त्यानंच छाटली, द्राक्षं त्यानंच आंबवली, बाटली त्यानंच भरली, तर पहिली कसोटी पार पडते. बाटलीवर मालमत्तेवरच भरल्याची ओळ असते. मात्र सहकारी संस्थेलाही ती ओळ लिहिता येते, त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका, पत्ता वाचा. अनेक बाटल्यांच्या टोपणावर 'आर' किंवा 'एन' हे अक्षर असतं. पहिलं पिकवणाऱ्यासाठी, दुसरं व्यापाऱ्यासाठी. दुसरी कसोटी एका बाटलीत कळत नाही. एकाच माणसाची साधी वाइन आणि त्याचीच महागडी वाइन शेजारी ठेवा. साधीतही त्याचा हात दिसला तर माणूस खरा. महागडीत फक्त नव्या पिंपाच्या लाकडाचा वास जास्त असेल तर पुढच्या दुकानात चला.

नावं सांगायचं कबूल केलंय. फोजेरसाठी दिदिए बाराल आणि झाँ-मिशेल आल्किए हे दोघं एकत्र घ्या. माती तीच, पाटीच्या दगडाची, पण बारालच्या बागेत गाई चरतात आणि वाइन रानटी बाजूला झुकते, आल्किएची नीटनेटकी. हे दोन पेले शेजारी ठेवल्यावर 'प्रदेश की माणूस' हा वाद फार शिकवतो. तेरास द्यु लार्झाककडे मास झ्युलियाँ आणि मोंपेरूचा सिल्व्हँ फादा, त्याच्या वाइनचं नाव ओपिलाक. पिक साँ-लूला ओर्त्यूस, ओर्लियाक कुटुंबाची, दोन कड्यांमधली बाग. मिनेर्वुआत सिराँ गावची क्लो सांतेई, कारण त्यांनी विसरलेल्या जुन्या जाती परत लावल्या. इतिहासप्रेमी माणसानं ती चुकवू नये. आनियानचीच ग्राँज दे पेर ही लोरां वायेनं १९९२ पासून केलेली वाइन दंतकथा झाली आहे. वाये २०२१ मध्ये गेला. तिच्या दरात वरच्या बाकीच्या बहुतेक बाटल्या येतील, म्हणून माझं मत, सुरुवात तिच्यापासून करू नका. दोमास गासाकही नंतर.

आणि सहकारी वाइनरीला वगळू नका. माणसाच्या नावाची एवढी भलावण केल्यावर हे उलटं वाटेल, पण काही गावांनी टाक्या वेगळ्या केल्या, उतारावरच्या द्राक्षाला वेगळा दर दिला. साँ-शिनियाँत रोकब्रूनची संस्था, कोर्बिएरमध्ये कास्तेलमोरची. पांढरीसाठी पिकपूल द पिने घ्या, तो लिंबासारखा करकरीत असतो, आणि तिथल्या सहकारी संस्थांची वाइन स्वस्तात मस्त आहे. तिथे आप्त म्हणजे अख्खं गाव.

कोर्बिएरचं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट. २८ जून २०१९ ला लांगदोकमध्ये पारा ४६ अंशांना टेकला आणि वेली जणू कोणी ज्योत फिरवल्यासारख्या करपल्या. दुष्काळ त्यानंतर वाढत गेला. २०२४ पासून सरकार पुन्हा वेली उपटायला पैसे देत आहे, हेक्टरी ४ हजार युरो, आणि औद जिल्ह्यातल्या खूप बागा त्यात गेल्या. ५ ऑगस्ट २०२५ ला कोर्बिएरच्या रिबोत गावाजवळ आग लागली. १६ हजार हेक्टरच्या आसपास जमीन जळाली. द्राक्षबागेत ओळींमधली जमीन नांगरलेली, मोकळी असते, त्यामुळे आग तिथे अडते. जिथे बाग उपटून पडीक सोडली होती तिथे झुडपं माजली होती, आणि आगीला वाट मिळाली, असं तिथल्या उत्पादकांचं आणि गावकारभाऱ्यांचं म्हणणं आहे. म्हणून सहा बाटल्या निवडाल तेव्हा एक तरी कोर्बिएरची असू द्या, आणि शक्यतो कारिन्यानची, उतारावरच्या जुन्या वेलींची. ती उपटली गेली तर तिच्याजागी लावलेल्या नव्या वेलीला त्या वयाची व्हायला आणखी साठ वर्षं लागतील.

आता प्रश्न घेऊ. पहिला रॉटरडॅमहून आहे: पिकपूलबरोबर तळलेले बोंबील चालतील का? त्या गावात पिकपूल समोरच्या खाडीतल्या कालवांबरोबर पितात, तेव्हा बोंबील चालायलाच हवेत. फक्त पेला नीट थंड करा आणि मसाला बेतानं.